परीक्षेची तारीख पुढें ढकलावी काय?

परीक्षा जवळ आली म्हणजे घराला एक निराळेंच वळण लागतें. रेडिओचा आवाज लहान होतो, पाहुण्यांस परभारें निरोप जातात, आणि चहाचा पेला अभ्यासाच्या टेबलापाशीं आपोआप येऊन पोंचतो. पण या शांत दिसणाऱ्या घरांत, परीक्षेला तीन-चार आठवडे उरले असतां, एक प्रश्न बहुधा डोकें वर काढतो. प्रथम तो विद्यार्थ्याच्या मनांत उत्पन्न होतो, मग जेवणाच्या पानावर उच्चारला जातो, आणि दोन दिवसांत साऱ्या घराचा होऊन बसतो. तयारी पुरी झालेली नाहीं. तारीख पुढें ढकलावी काय?

समजा, पुण्यांतील एका घरांत, पदवी घेऊन दोन वर्षें नोकरी केलेली एक मुलगी उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेस जाऊं इच्छिते. तेथील प्रवेशासाठीं जी जीआरई नांवाची परीक्षा द्यावी लागते, तिच्यासाठीं तिनें २० सप्टेंबर ही तारीख घेतली आहे. ऑगस्ट संपतां संपतां तिचा धीर सुटूं लागतो. आई म्हणते, “अगं, एवढें जिवाला लागत असेल तर घे महिनाभर पुढें. परीक्षा काय पळून जाते?” बाबांचें मत उलट. “एकदां घेतलेली तारीख सोडूं नकोस. आज महिना मागशील, उद्यां दोन मागशील.” दोघांच्याहि बोलण्यांत माया आहे, आणि दोघांच्याहि बोलण्यांत थोडें थोडें सत्य आहे. परंतु यांतील कोणतें सत्य त्या मुलीला लागू पडतें, हें ना मायेनें ठरतें, ना शिस्तीच्या अभिमानानें. त्यासाठीं कांहीं साधे हिशेब मांडावे लागतात. ते मांडल्याविना घेतलेला निर्णय बरोबर ठरला तरी तो केवळ योगायोग होय.

पूर्वीच्या पिढ्यांपुढें हा प्रश्न या स्वरूपांत नव्हता. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली, तेव्हांपासून तारीख विद्यापीठानें ठरवावी आणि विद्यार्थ्यानें पाळावी, अशी रीत पडली. विद्यार्थ्याच्या हातीं एवढेंच असे, कीं बसावें किंवा न बसावें. आजहि भारतांतील पदव्युत्तर प्रवेशाच्या मोठ्या परीक्षा याच जातीच्या आहेत. अभियांत्रिकीसाठीं गेट फेब्रुवारीच्या सुमारास, व्यवस्थापनशास्त्रासाठीं कॅट नोव्हेंबरच्या सुमारास, आणि दोन्ही वर्षांतून एकदांच. जीआरईची गोष्ट वेगळी आहे. १९३६ सालीं कार्नेगी फौंडेशन आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया या चार विद्यापीठांनीं मिळून ती प्रयोगादाखल सुरू केली. पुढें ती १९४७ सालीं स्थापन झालेल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेकडे सोंपविण्यांत आली. आतां ती संगणकावर होते, आणि बहुतेक वर्षभर चालू असते. दिवस उमेदवारानें निवडावयाचा, आणि ठराविक शुल्क भरून तो बदलावयाचा अधिकारहि उमेदवारालाच. हें स्वातंत्र्य मोलाचें खरें. पण जेथें तारीख आपल्या हातीं येते, तेथें तिची जबाबदारीहि आपल्याच माथीं येते.

तारखेचा विचार करण्यापूर्वीं एका प्राथमिक गोष्टीची खात्री करून घेतलेली बरी. ही परीक्षा आपल्याला मुळांत लागणार आहे काय? गेल्या कांहीं वर्षांत, विशेषतः २०२० सालच्या साथीपासून, अमेरिकेंतील अनेक विद्यापीठ-विभागांनीं जीआरईची सक्ति काढून टाकली. त्यांतील कांहींनीं ती पुढें पुन्हां घातली. कोठें ती आवश्यक आहे, कोठें ऐच्छिक, तर कोठें तिचे गुण पाठविले तरी कोणी पाहत नाहीं. ज्या विभागांस अर्ज करावयाचा, त्यांचे चालू वर्षाचे नियम एका कागदावर उतरवून काढण्यास एक संध्याकाळ पुरते. या एका संध्याकाळीं कित्येकांचा प्रश्न सुटतो, आणि ज्यांचा सुटत नाहीं त्यांच्या हातीं निदान अर्जांच्या अंतिम तारखा तरी लागतात.

त्या तारखा हाच पहिल्या हिशेबाचा पाया होय. हा हिशेब नेहमीं उलटा, म्हणजे शेवटाकडून आरंभाकडे, मांडावा. समजा, अर्ज १५ डिसेंबरपर्यंत पोंचला पाहिजे. जीआरईचे अधिकृत गुण परीक्षेनंतर साधारणतः ८ ते १० दिवसांनीं मिळतात. थोडी उसंत ठेवावयाची म्हणजे दोन आठवडे धरावे. तेव्हां परीक्षेचा अखेरचा सुरक्षित दिवस १ डिसेंबर ठरतो. आतां नियम असा आहे कीं एकदां परीक्षा दिल्यावर पुन्हां द्यावयाची तर मध्यें २१ दिवस गेले पाहिजेत. आणि कोणत्याहि १२ महिन्यांत पांचांपेक्षां अधिक वेळां बसतां येत नाहीं. म्हणजे १ डिसेंबरच्या मागें २१ दिवस मोजले, तर १० नोव्हेंबर येतो. ज्यानें १० नोव्हेंबरपर्यंत पहिली परीक्षा दिली, त्याच्या हातीं दुसरी संधि शिल्लक आहे. ज्यानें त्यानंतर दिली, त्याच्या हातीं नाहीं. आणि ज्यानें १ डिसेंबरनंतर दिली, त्याचे गुण वरातीमागून घोडें या म्हणीप्रमाणें पोंचण्याचा संभव आहे.

या दृष्टीनें पाहतां १० नोव्हेंबर आणि १ डिसेंबर या दोन खुणा ओलांडणें न ओलांडणें हाच तारीख ढकलण्याचा खरा खर्च. पुण्याच्या मुलीनें २० सप्टेंबरची परीक्षा चार आठवडे पुढें नेली, तर ती १८ ऑक्टोबरला येते. दोन्ही खुणा दूरच राहतात, आणि दुसरी संधि ८ नोव्हेंबरपासून पुढें उघडी असते. तिला हें ढकलणें परवडतें. पण समजा, तिच्या मावसभावानें ५ नोव्हेंबर ही तारीख घेतली आहे, आणि तोहि चार आठवडे मागतो आहे. त्याची परीक्षा ३ डिसेंबरला जाते. आठवडे तेवढेच, शुल्कहि तेवढेंच. परंतु मुलीनें कांहीं गमावलें नाहीं, आणि भावानें दुसरी संधि घालविलीच, शिवाय गुण मुदतींत पोंचतील कीं नाहीं ही नवी काळजी विकत घेतली. चार आठवडे सगळीकडे सारखेच, ही समजूत येथें फसते.

याच ठिकाणीं जुन्या व नव्या परीक्षांतील आणखी एक भेद लक्षांत घेण्यासारखा आहे. पूर्वीं नापास होणें हें जन्मभर कागदावर राही. म्हणून अपुऱ्या तयारीनें बसूं नये, असा उपदेश वडील मंडळी करीत, आणि तो योग्यच होता. जीआरईंत नापास असें कोणी होत नाहीं. गुण पांच वर्षें चालतात, आणि एकाहून अधिक वेळां परीक्षा दिलेली असल्यास कोणत्या दिवसाचे गुण विद्यापीठास पाठवावयाचे, हें उमेदवाराला निवडतां येतें. संगणकावर शाब्दिक व गणिती भागांचे कच्चे गुणहि परीक्षा संपतांच दिसतात. म्हणजे पहिला प्रयत्न साधला नाहीं तर पैशाचा तोटा होतो. नांवाचा होत नाहीं. हा पैशाचा तोटा मध्यम स्थितीच्या घराला हलका नव्हे, हें खरें. पण तो तोटा आणि एका वर्षाचा तोटा यांची गल्लत करूं नये.

दुसरा हिशेब तयारीचा. ‘तयारी झाली नाहीं’ हें वाक्य जवळजवळ प्रत्येक परीक्षार्थी म्हणतो, आणि त्यांत अप्रामाणिकपणा नसतो. कारण अभ्यास करणाऱ्याला आपण काय शिकलों यापेक्षां काय राहिलें हेंच अधिक दिसतें. म्हणून या वाक्यावर विसंबून निर्णय करणें म्हणजे ताप आहे कीं नाहीं हें रोग्यालाच विचारून औषध देणें होय. तापमापक पाहिजे, आणि परीक्षेच्या बाबतींत तापमापक म्हणजे सराव-परीक्षा. शितावरून भाताची परीक्षा करावयाची ती येथेंच.

२०२३ च्या सप्टेंबरपासून जीआरईचा काल सुमारें चार तासांवरून १ तास ५८ मिनिटांवर आणण्यांत आला आहे. शाब्दिक व गणिती या दोन्ही भागांस प्रत्येकीं १३० ते १७० असे गुण असतात, आणि निबंधाला ० ते ६. परीक्षा घेणारी संस्थाच दोन पूर्ण सराव-परीक्षा विनामूल्य देते. त्या घड्याळ लावून, मध्यें न उठतां, खऱ्या परीक्षेच्याच वेळेला दिल्या पाहिजेत. अर्धा भाग रात्रीं व अर्धा सकाळीं सोडविलेल्या प्रश्नपत्रिकेवरून कांहींच कळत नाहीं.

आणि अशा रीतीनें मिळालेला आकडाहि एकट्यानें फारसें बोलत नाहीं. कोणत्याहि मापनांत थोडी चूक असतेच. जीआरईच्या एका भागाच्या गुणांत ती दोन गुणांच्या आसपास धरली जाते. म्हणजे आज १६३ आणि पुढच्या आठवड्यांत १६५ आले, तर योग्यता वाढली असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं. म्हणून एक आकडा न पाहतां आंकड्यांची चाल पाहावी. पुण्याच्या मुलीला गणितांत १६५ हवे आहेत. ऑगस्टच्या आरंभीं तिला १५५ मिळाले, अखेरीस १५९. अंतर सहा गुणांचें आहे, पण चाल चढती आहे, आणि कोठें चुकतें हेंहि तिला ठाऊक झालें आहे. संभाव्यतेचीं उदाहरणें आणि आलेखांवरील प्रश्न, एवढीं दोन ठिकाणें. येथें चार आठवड्यांना काम आहे. मावसभावालाहि १६५ च हवे आहेत. त्याचे आंकडे मात्र १६४, १६५, १६३ असे आहेत. तो पाहिजे तेथें पोंचलेला आहे. त्यानें चार आठवडे मागितले, तर ते कशासाठीं मागतो याचें उत्तर त्याच्यापाशीं नाहीं. चाल चढती असून अंतर भरून निघण्याजोगें असेल तर दिवस मागावे. आंकडे एकाच ठिकाणीं ठरले असतील तर दिवस वाढवून ते हलत नाहींत. अभ्यासाची पद्धति बदलली तर कदाचित् हलतील. पण पद्धति बदलण्यास तारीख बदलण्याची जरुरी नसते.

पद्धतीसंबंधीं एक प्रयोग येथें सांगण्यासारखा आहे. २००६ सालीं रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनीं तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. नंतर कांहींनीं तो पुन्हां वाचला, आणि कांहींनीं पुस्तक मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पांच मिनिटांनंतर पाहतां पुन्हां वाचणारे सरस ठरले. पण एका आठवड्यानंतर चित्र उलटलें. पुन्हां वाचणाऱ्यांना सुमारें ४२ टक्के आठवलें, आणि स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना ५६ टक्के. सराव-परीक्षा ही नुसता तापमापक नाहीं, ती औषधहि आहे, असा याचा अर्थ. ज्याला वाढीव महिना टिपणें पुन्हां पुन्हां वाचण्यांत घालवावयाचा आहे, त्याला त्या महिन्याचें समाधान मिळेल. गुण मिळतीलच असें नाहीं.

तिसरा हिशेब सर्वांत अवघड, कारण तो स्वतःशीं करावयाचा आहे. मागितलेले दिवस खरोखर अभ्यासाला मिळतील काय? कामाला किती दिवस लागतील, याचा अंदाज बांधण्यांत मनुष्य कसा चुकतो, यावर ब्युलर, ग्रिफिन व रॉस या संशोधकांनीं १९९४ सालीं एक लेख प्रसिद्ध केला. पदवीचा प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनीं विचारलें, कीं तो किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलें ३४ दिवस. सगळें बिनसलें तर? ४९ दिवस. प्रत्यक्षांत सरासरीनें ५५ हून अधिक दिवस लागले. म्हणजे या विद्यार्थ्यांनीं कल्पिलेली वाईटांतील वाईट स्थितिहि वस्तुस्थितीपेक्षां बरीच होती. पुढचा महिना हा नेहमींच या महिन्यापेक्षां मोकळा दिसतो. कारण त्याच्या दिनदर्शिकेवर अजून कोणी कांहीं लिहिलेलें नसतें. मुलीच्या चार आठवड्यांत नोकरी आहे, नवरात्र येईल, आणि आत्याकडचें एखादें कार्यहि निघेल. म्हणून महिन्याचे तीस दिवस न मोजतां तास मोजावे. कामाच्या दिवशीं दीड तास, रविवारीं चार, सणाचे दिवस वजा. असे चाळीस तास निघाले, तर त्या चाळीस तासांत कोणतीं दोन ठिकाणें पक्कीं व्हावयाचीं, तें आजच लिहून ठेवावें. जो हें लिहूं शकतो त्यानें तारीख खुशाल पुढें न्यावी. ज्याला लिहितां येत नाहीं, तो आजचें मरण उद्यांवर ढकलीत आहे.

येथवर बुद्धीचा भाग झाला. परंतु हा निर्णय पुष्कळदां बुद्धि करीत नाहीं. भीति करते, आणि बुद्धि तिची वकिली करते. दोघींचें बोलणें इतकें सारखें असतें, कीं ओळखणें कठीण जातें. तरी एक खूण आहे. ज्याची तयारी खरोखर अपुरी असते, तो सराव-परीक्षा मागतो, कारण त्याला आपली उणीव कोठें आहे तें पाहावयाचें असतें. ज्याला भीति वाटते, तो सराव-परीक्षाहि टाळतो. दुसरी गोष्ट, तारीख पुढें नेल्याबरोबर जो हायसेपणा वाटतो, त्याला पुरावा मानूं नये. तो हायसेपणा योग्य निर्णयानंतर जितका येतो तितकाच चुकीच्या निर्णयानंतरहि येतो. आणि नवी तारीख तीन आठवड्यांवर आली म्हणजे जुनी धडधड परत येते.

अर्थात् कांहीं कारणें अशीं असतात कीं तेथें हिशेब मांडीत बसूं नये. अंगांत ताप आहे, घरांत कोणी अत्यवस्थ आहे, दुःखाचा प्रसंग घडला आहे, तर तारीख बदलावी आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊं नये. मात्र नियम पाहून ठेवावा. जीआरईची तारीख बदलावयाची तर परीक्षेचा दिवस व विनंतीचा दिवस सोडून मध्यें चार दिवस तरी असावे लागतात; त्यानंतर भरलेलें शुल्क बुडतें. म्हणून आजारपण सोडून बाकी सर्व निर्णय दहा दिवस आधीं संपवावा, आणि एकदां संपला म्हणजे पुन्हां उकरूं नये. रोज सकाळीं तारखेचा विचार करणारा विद्यार्थी अभ्यासाचेच तास त्या विचाराला देत असतो.

ज्यांची परीक्षा वर्षांतून एकदांच होते, त्यांचा प्रश्न अधिक कठोर आहे. त्यांना महिना मागतां येत नाहीं. मागावयाचें तर वर्षच मागावें लागतें. त्यांनीं मुलीचे तीन हिशेब तसेच मांडावे, फक्त आठवड्यांच्या जागीं महिने घालावे. आणि वर्ष सोडावयाचें असलें तरी शक्य तर यंदाची परीक्षा देऊन मग सोडावें. गेटचे गुण तीन वर्षें चालतात, कॅटचे एकाच वर्षाच्या प्रवेशाला. तथापि प्रत्यक्ष परीक्षागृहांतील अनुभव दोन्हींकडे सारखाच उपयोगी पडतो.

शिवाय अशा परीक्षांत तारीख हलली तर ती एकट्याची हलत नाहीं. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट-पीजी परीक्षेचा इतिहास या बाबतींत बोलका आहे. १८ एप्रिल २०२१ रोजीं व्हावयाची ती परीक्षा साथीमुळें तीन दिवस आधीं पुढें ढकलली गेली, आणि ११ सप्टेंबरला झाली. कारण निःसंशय सबळ होतें. पण त्यानंतर आरक्षणाचा वाद न्यायालयांत गेला, आणि प्रवेशफेऱ्या जानेवारी २०२२ मध्यें सुरू झाल्या. मधल्या काळांत रुग्णालयांत निवासी डॉक्टरांची एक तुकडी कमी पडली. डिसेंबरांत दिल्लींत डॉक्टर रस्त्यावर आले. या उशिरामुळें पुढील वर्षाची १२ मार्चची परीक्षा २१ मे २०२२ वर गेली. तीहि आणखी पुढें न्यावी अशी मागणी झाली, तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें १३ मे रोजीं ती नाकारली. दोन लाखांहून अधिक उमेदवारांनीं नांवें नोंदविलीं होतीं. आणखी विलंबानें गोंधळ वाढेल व रुग्णसेवेवर परिणाम होईल, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें. एक तारीख ढकलली कीं ती पुढच्या तारखेला धक्का देते, हें येथें साऱ्या देशानें पाहिलें. व्यक्तीच्या आयुष्यांतहि हेंच लहान प्रमाणावर घडतें. परीक्षेमागें अर्ज असतो, अर्जामागें शिफारसपत्रें, त्यामागें शिष्यवृत्ति, व्हिसा, कर्जाची मंजुरी. आणि या रांगेंतील प्रत्येकाला आपापली मुदत आहे.

उलट प्रसंगहि येतो. २३ जून २०२४ ची नीट-पीजी आदल्या रात्रीं रद्द होऊन ११ ऑगस्टला झाली. कित्येक उमेदवार परगांवच्या परीक्षा-केंद्रांवर जाऊन पोंचले होते. अशा वेळीं संताप येणें साहजिक आहे. परंतु न मागतां मिळालेल्या दिवसांनाहि तासांचा तोच हिशेब लागतो.

राहतां राहिलें घर. आईवडिलांनीं या प्रश्नाचें उत्तर देण्याची घाई करूं नये. त्यांचें उत्तर पाठीवरचा हात म्हणून दिलेलें असलें, तरी मुलांच्या कानीं तें आज्ञा होऊन पडतें. आणि पुढें गुण कमी पडले तर त्याच उत्तराकडे बोट दाखविलें जातें. त्यांनीं विचारावें तें एवढेंच: “बाळ, अर्जाची मुदत केव्हांची? मागच्या दोन सरावांत किती मिळाले? वाढीव दिवसांत नक्की काय करणार?” या तीन प्रश्नांना कागदावर उत्तरें मिळालीं, तर निर्णय जवळजवळ आपोआप होतो. पुण्याची मुलगी १८ ऑक्टोबर ही तारीख घेईल आणि शांतपणें अभ्यासाला लागेल. तिचा मावसभाऊ ५ नोव्हेंबरला परीक्षेस जाईल. आईचें म्हणणें एकीच्या बाबतींत खरें ठरलें, बाबांचें दुसऱ्याच्या; आणि घरांत कोणाचेंच खोटें पडलें नाहीं. परीक्षेचा निकाल मात्र त्यानंतरच्या तासांवर अवलंबून आहे.